अप्पांची एकवीस पावलं

विहीर कुठे होती हे अप्पांनी, माझ्या आजोबांनी, मी चौथ्यांदा विचारल्यावर सांगितलं. आधीच्या तिन्ही वेळा त्यांनी विषय दुसरीकडे नेला होता. एकदा टिळकांवर, एकदा हैदर नहरेवर, आणि एकदा नुसतंच "चहा टाक" म्हणाले. २०११ चा डिसेंबर होता. पुण्यात आमच्या गॅलरीत, गुडघ्यांवर लखनौची रजई घेऊन ते उन्हाला बसले होते. वय एकोणऐंशी. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, कारण एका हाताने धरला की बशी वाजायची.

"नीमच्या बुंध्यापासून मोजायचं," ते म्हणाले. "स्टेशनाच्या घुमटांकडे पाठ करायची आणि सरळ एकवीस पावलं. तिथे होती. गोड पाण्याची. बाळ, ती मीच बुजवली."

माती तपासणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. कारखाना उठला की त्या जागेवर घरं बांधण्याआधी खाली काय मुरलंय ते बघायचं, नमुने काढायचे, अहवाल लिहायचा. तरीही माझ्याच आजोबांच्या गल्लीतल्या जमिनीखाली काय आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला माहीत होत्या त्या गोष्टी. आणि गोष्टींना आपण माहिती समजत नाही.

आमचं घराणं झाशीचं. मराठ्यांच्या सुभेदारीबरोबर तिकडे गेलेल्या अनेक घरांपैकी एक. पणजोबा लखनौला आले ते टिळकांना बघायला, १९१६ च्या डिसेंबरात. मंडालेहून सुटल्यानंतरची टिळकांची ही मोठी काँग्रेस. जहाल आणि मवाळ नऊ वर्षांनी एका मांडवात आले होते, आणि मुस्लिम लीगशी करार व्हायचा होता. टिळकांच्या मंडळींनी स्वतंत्र गाडी केली होती, होमरूल स्पेशल. स्टेशनावर तरुणांनी टिळकांच्या घोडागाडीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत नेली. त्या पोरांत रामप्रसाद बिस्मिल होते. त्यांनी आत्मकथेत हा प्रसंग लिहिला आहे. पणजोबा त्या गाडीमागून चालत गेले आणि संध्याकाळी परत स्टेशनावर आले तर खिशात परतीचे पैसे नव्हते. आज दिसते ती इमारत तेव्हा उभी राहत होती. १९१४ च्या मार्चमध्ये पायाभरणी झालेली, सगळीकडे विटा, चुना आणि पराती. बांधकामावर हजेरी घ्यायला लिहिता येणारा माणूस हवा होता. पणजोबांना मोडी येत होती, नागरी येत होती आणि थोडी उर्दू. ते राहिले.

अशा रीतीने आम्ही चारबागचे झालो.

चारबाग हे नावच बागेचं. पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेली बाग, नवाबी काळातली. शेजारी आलमबाग, पलीकडे ऐशबाग. सगळा दक्षिण लखनौ नावापुरता अजूनही बागांचा आहे. अप्पा सांगायचे की त्यांच्या लहानपणी मोहल्ल्यातले म्हातारे पेरूची झाडं बोट दाखवून सांगत: ते बघ, तिथे लोको शेडची भिंत आहे ना, तिथे सफेदा होता; पाण्याची टाकी आहे तिथे जांभळं. म्हणजे माझ्या अप्पांनाही ती बाग गोष्टीतच मिळाली. १८६७ मध्ये कानपूरहून रेल्वे आली आणि बागेच्या मातीवर कोळसा पडायला लागला.

कोळशाची गोष्ट माईची, माझ्या आजीची. वाफेचं इंजिन प्रवास करून आलं की त्याच्या भट्टीतला विस्तव खाली पाडतात. राख, वितळून चिकटलेले खडे, आणि त्यात अर्धवट जळलेला कोळसा. हा अर्धवट जळलेला कोळसा म्हणजे गरिबाचं इंधन. पहाटे बायका टोपल्या आणि चाळण्या घेऊन जात. माईही जायची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून. चाळणीवर राहील ते शेगडीला, खाली पडेल ते भांडी घासायला. उरलेल्या राखेने पुढचे-मागचे खळगे भरायचे. पावसाळ्यात चिखल होत नाही म्हणून अंगणात राख, घराच्या जोत्यात राख, लसणाच्या वाफ्यात राख. जगात जिथे जिथे रेल्वे गेली तिथल्या आसपासच्या वस्त्या थोड्याफार अशाच राखेवर उभ्या आहेत. कोळशाच्या राखेत आर्सेनिक असतं, क्रोमियम असतं, शिसं असतं. अल्प प्रमाणात, पण साठ-सत्तर वर्षं रोज टाकलं की अल्प हा शब्द उरत नाही. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ मध्ये थांबली. राख कुठेही गेली नाही.

आता हैदर नहर. अप्पा जी गोष्ट विषय बदलायला सांगायचे, ती मला पुढे फार उपयोगी पडली.

नवाब गाजीउद्दीन हैदरने, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, गंगेचं पाणी गोमतीत आणायचं ठरवलं. कालवा खोदायला सुरुवात झाली. गंगा काही आली नाही. चारबागजवळून जाणारा तो खोल चर मात्र राहिला. २५ सप्टेंबर १८५७ ला हॅवलॉकची फौज आलमबागेकडून आली तेव्हा चारबागच्या पुलावर, याच नहरेवर, मोठी लढाई झाली. अप्पांच्या गोष्टीत पुलाखालचं पाणी त्या दिवशी लाल होतं. पुढे शहर वाढलं, आणि शहराला जेव्हा एखादा आयता खड्डा मिळतो तेव्हा ते त्यात काय घालतं हे सांगायला नको. आज ती नहर म्हणजे सांडपाण्याचा नाला आहे. ला मार्टिनियर कॉलेजजवळ तो गोमतीला मिळतो. "नवाबाला गंगा आणायची होती," अप्पा म्हणायचे, "आम्ही त्याला गटार करून दाखवली."

मी या कामात शिरले तेव्हा पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या लव्ह कॅनालचं प्रकरण वाचलं आणि मला हैदर नहर आठवली. नायगारा फॉल्स गावात १८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या माणसाने कालवा खोदायला घेतला. पैसे संपले, खड्डा राहिला. १९४० च्या दशकापासून हूकर केमिकल कंपनीने त्यात वीस हजार टनांहून अधिक रसायनं टाकली, वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. वर शाळा झाली, शेजारी घरं झाली. तळघरांतून काळं पाणी वर यायला लागलं, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातूनच दूषित जागा साफ करण्यासाठीचा १९८० चा सुपरफंड कायदा आला.

पण माझ्या मनात राहिली ती लोइस गिब्ज. एक साधी गृहिणी. घरोघर जाऊन तिने कोणाच्या घरी कोणतं दुखणं आहे ते नकाशावर मांडलं. ठिपके कुठेही विखुरलेले दिसत होते. मग वस्तीतल्या जुन्या लोकांनी सांगितलं, इथून पूर्वी ओहोळ वाहायचे, ते बुजवले. ते बुजलेले ओहोळ नकाशावर काढल्यावर दुखण्यांचे ठिपके त्यांच्या काठाने रांगेत आले. अधिकाऱ्यांनी आधी तिच्या कामाची 'गृहिणींची निरुपयोगी माहिती' अशीच संभावना केली. जमिनीवर काय होतं हे यंत्राला कळत नाही. यंत्राला आत्ता काय आहे तेवढंच कळतं, आणि तेही जिथे खुपसाल तिथलंच.

हे मला पुस्तकाने शिकवलं असं म्हणता येणार नाही. शिकवलं पिंपरीतल्या एका रखवालदाराने. एका बंद कारखान्याच्या जागेवर आम्ही रीतसर चौकटी आखून बारा ठिकाणी बोअर घेतले होते. सगळे स्वच्छ. अहवाल लिहायला घेणार, तर रखवालदार तंबाखू मळत म्हणाला, "ताई, मुलामा द्यायची टाकी त्या चिंचेखाली होती. तिथं नाही बघितलं?" चिंचेखाली जागा अरुंद म्हणून आम्ही ती सोडली होती. तिथून वर आलेली माती लिंबासारखी पिवळी होती. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असं डोळ्यांना दिसतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही जागेवर गेले की यंत्र नंतर उतरवते, आधी सगळ्यात जुना माणूस शोधते. आणि त्या दिवसापासूनच मी अप्पांना विहिरीचं विचारायला लागले.

ते लखनौच्या गल्लीतल्या एका भट्टीत साचेवाले होते. भट्टीचं आणि मालकांचं नाव इथे लिहीत नाही. ते गेले, आणि त्यांच्या नातवंडांनी काही ओतलेलं नाही. चारबागच्या मागची गल्ली, चार गुंठे जागा, एक पत्र्याची शेड, एक कडुनिंब, एक विहीर. जुन्या बेअरिंगांतला पांढरा धातू, म्हणजे कथील, अँटिमनी आणि शिसं, वितळवून नवा ओतायचा. अप्पांना या कामाचा अभिमान होता आणि तो रास्त होता. बेअरिंगच्या कवचाला आतून आधी कथिलाचा हात द्यायचा, नाहीतर धातू धरत नाही. मूस किती तापली हे ते काडीने बघायचे: देवदाराची बारीक काडी धातूत बुडवायची, ती तपकिरी झाली तर ओता, पेटली तर थांबा. साचा उघडताना ते श्वास रोखायचे. सांगतानाही रोखायचे, पन्नास वर्षांनी, गॅलरीत बसून.

मग ट्रक वाढले आणि बॅटऱ्या आल्या. बॅटरी कुऱ्हाडीने फोडायची. तेजाब जमिनीवर ओतायचं. ते फसफसत मातीत जाई. आतल्या प्लेटा कोळशाबरोबर आणि लोखंडाच्या किसाबरोबर भट्टीत. शिसं जड, ते तळाला; मळी हलकी, ती वर. मळी पळीने काढून बाहेर फेकायची. काळी, काचेसारखी, पण तिच्यातही शिसं राहतंच. पावसात ती वाहून गल्लीत यायला लागली, लोक ओरडले. तोवर विहिरीचं पाणी खवट झालंच होतं. मालक म्हणाले, पाणी बिघडलंच आहे, तर भरून टाका. १९६६ च्या उन्हाळ्यात अप्पांनी दोन पोरं हाताशी घेऊन ती भरली: मळी, बॅटऱ्यांची फुटकी खोकी, वर विटांचे तुकडे, वर माती. बारा दिवस लागले. मालकांनी प्रत्येकाला एक धोतरजोडी दिली.

"तेव्हा कुणाला माहीत होतं?" मी म्हणाले. त्यांना दिलासा द्यावा म्हणून.

"माहीत नव्हतं असं नाही," अप्पा म्हणाले. "भट्टीतली चिमणी पोरं हगवणीने नाहीतर पोटशुळाने आजारी पडायची. आम्ही त्यांना गूळ द्यायचो. गुळाने शिसं उतरतं असं सगळे म्हणायचे. म्हणजे शिसं चढतंय हे माहीत होतंच की."

त्यांच्या स्वतःच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ होती. लहानपणी मी ती बोट लावून बघितलेली आहे. माईला वाटे पान-तंबाखूची आहे, ती कोळशाच्या भुकटीने रोज घासायला लावी. ती शिशाची रेघ होती; वैद्यकाच्या पुस्तकात तिला नाव आहे. पोटात पिळा पडला की माई ओवा आणि काळं मीठ द्यायची, आणि रेडिओवर गाणं लावायची. भातखंड्यांनी १९२६ मध्ये लखनौत काढलेल्या संगीत महाविद्यालयातली मराठी माणसं तिला ओळखीची वाटत, यमन लागला की तिला घरी आल्यासारखं होई. अप्पा त्या यमनात पोट धरून पडलेले.

शिशाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. शरीर त्याला कॅल्शियम समजतं. म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. म्हातारपणी हाडं झिजली की पुन्हा रक्तात उतरतं. मोठ्या माणसाचे हात कापतात, लहान मुलाची बुद्धी खुंटते. मूल रांगतं, माती लागलेला हात तोंडात घालतं, एवढं पुरतं. आणि जमिनीत? जमिनीतही ते तसंच, वरच्या वीतभर थरात धरून बसतं, पाण्याने धुतलं जात नाही, उन्हाने विरत नाही. मात्र जिथे तेजाब ओतलंय तिथे ते सुटतं आणि खाली उतरतं. अप्पांच्या गल्लीत दोन्ही एकाच जागी ओतलं होतं. अमेरिकेने घराच्या मातीत किलोमागे ४०० मिलिग्रॅम शिशापर्यंत धोका मानायचा नाही असं १९९४ मध्ये ठरवलं होतं; २०२४ मध्ये तो आकडा २०० वर आणला. जसजसं कळत गेलं तसतसा आकडा उतरत गेला. सुरक्षित असा आकडा सापडलेला नाही.

अप्पा २०१४ ला गेले. मी २०१८ च्या जानेवारीत लखनौला गेले. मेट्रो चार महिन्यांपूर्वी सुरू झाली होती, ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग. वरून स्टेशनाचे घुमट अगदी जवळून दिसतात, आणि रुळांच्या मधोमध खम्मन पीरबाबांचा दर्गाही, गुरुवारची गर्दी असलेला. गल्लीत भट्टीची शेड नव्हती. चार गुंठे मोकळी जागा, पडकी भिंत, आत पोरं क्रिकेट खेळत होती. एका बाजूला कोणीतरी दोरीवर गोधड्या घातल्या होत्या. त्या गल्लीत ती एवढीच उघडी जमीन. आजूबाजूला भाड्याच्या खोल्या, हमाल, ई-रिक्षावाले, धर्मशाळांत काम करणाऱ्या बायका.

सध्याच्या मालकाने हाताने फिरवायचा ऑगर लावू दिला, हे त्याचं मोठेपण. पहिले तीन खड्डे मी मुद्दाम भिंतीलगत घेतले. गोमतीच्या गाळाची पिवळसर, मऊ, चिमटीत पिठासारखी माती. मग कडुनिंबाचा खुंट शोधला. झाड तोडलेलं, पण खुंटाला पालवी होती. घुमटांकडे पाठ केली. एकवीस पावलं माझी कमी पडणार हे लक्षात आलं. अप्पा उंच होते. मी पंचवीस टाकली. दोन हातांवर विटांचे तुकडे लागले. त्याखाली ऑगर खरखरला, दात काचेवर ओढावेत तसा आवाज, आणि वर आली काळी, चमकदार मळी. तिच्यात बोटाएवढा एक काळा, हलका, गुळगुळीत तुकडा. बॅटरीच्या खोक्याचा, एबोनाइटचा. पन्नास वर्षांनी त्यावर साच्याची शिवण स्पष्ट होती.

नमुने पुण्याला आणले. आकडा इथे देत नाही, कारण एका खड्ड्यावरून जागेचा निवाडा होत नाही. पण घर बांधावं असा तो नव्हता, आणि मुलं खेळावीत असा तर नव्हताच.

मी गल्लीत सांगितलं तेव्हा कोणी मला दुवा दिला नाही. एका आजीबाईंनी विचारलं, "आता हा प्लॉट विकणार नाही ना? मग आमच्या खोल्यांचा भाव काय राहणार?" एका ई-रिक्षावाल्याचं म्हणणं आणखी सरळ होतं. "दीदी, आप तो पुणे चली जाएँगी." तो बरोबर होता. गरीब वस्तीत जमीन दूषित आहे हे सांगणं म्हणजे तिथल्या माणसाच्या एकुलत्या एक मालमत्तेवर डाग लावणं. म्हणून सगळे गप्प बसतात. विकणारा, घेणारा, आणि मधे राहणाराही. आणि दुसरी भीतीही खरी आहे: जागा विषारी आहे असं म्हणून माणसं उठवायची आणि मग तिथेच मॉल बांधायचा. दूषित जमीन हा गरिबाला हुसकायचा दाखला होता कामा नये. साफ केलेल्या जमिनीवर पहिला हक्क तिच्यावर आजवर राहिला त्याचा. हे माझं मत आहे आणि मी ते अहवालातही लिहिते.

आपल्याकडे प्रश्न विचारायची सवय कमी, हे काही लखनौपुरतं नाही. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ वा नियम आला. कोणाला किती तुकडा, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं. त्या सगळ्या भांडणात रंगखात्याखालच्या मातीचं नाव मी क्वचितच ऐकलं. आता १९२७ पासून कचरा टाकला गेलेल्या देवनारमधली १२४ एकर जागा धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी ठरली आहे. लखनौजवळ कानपूर देहातात, रनियाच्या खानचंदपूरला, १९७६ पासून क्रोमियमचा साठ हजार टनांहून जास्त कचरा उघड्यावर पडला. राष्ट्रीय हरित लवादाला त्यावर ताशेरे ओढावे लागले, तोवर हँडपंपाचं पाणी पिवळं झालं होतं.

शेवटी २४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. दोषी सापडला तर खर्च त्याचा, नाही सापडला तर सरकारचा. चांगले नियम आहेत. पण यादीत नाव घालायला आधी कोणाला तरी संशय यायला हवा. संशय कुठून येणार? सातबाऱ्यावर जमिनीचा मालक असतो, पीक असतं, बोजा असतो. विहीरही असते. ती कशाने बुजवली याचा रकाना नसतो. तो रकाना म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतो, आणि दरवर्षी त्यातली काही पानं स्मशानात जातात.

घाई आहे ती यासाठी. नियम निघाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १२ ऑगस्ट २०२५ ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने चारबाग ते वसंतकुंज मेट्रोला मंजुरी दिली. अकरा किलोमीटरहून थोडी जास्त, बारा स्थानकं, त्यातली सात जमिनीखाली. अमीनाबाद, पांडेयगंज, चौक. म्हणजे चारबागच्या पोटातली माती आता खरोखर वर येणार. राख, मळी, नवाबाच्या बागेचा गाळ, सगळं. ती माती कुठे टाकणार? कोणत्या खळग्यात, कोणाच्या जोत्यात? आणि मेट्रो जिथे जाऊन थांबणार त्या वसंतकुंजात कचऱ्याचा जुना डोंगर हटवून राष्ट्र प्रेरणास्थळ उभं राहिलंय. मोठ्या स्मारकासाठी डोंगर हलतो, हे आपण पाहिलं. चार गुंठ्यांसाठी कोण हलवणार? नव्या नियमांतून घनकचऱ्याच्या कचराभूमी वगळल्या आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

उपाय नाहीत असं मात्र नाही. सगळी माती उचलून नेणं हा एक, महाग. कॅलिफोर्नियात वेस्ट ओकलंडच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत, जी चारबागसारखीच रेल्वेच्या सावलीत वाढलेली गरीब वस्ती आहे, अंगणांच्या मातीत शिसं निघालं. तिथे लोकांना उठवलं नाही. माशांच्या हाडांची भुकटी मातीत मिसळली. हाडांतलं फॉस्फेट शिशाला असं बांधतं की ते पोटात गेलं तरी फारसं विरघळत नाही. वर स्वच्छ माती, वर हिरवळ, आणि कामाला त्याच वस्तीतली माणसं. हे वाचताना मला रडू आलं. जे हाड अप्पांच्या शरीरात शिशाला बळी पडलं, तेच हाड मातीत शिशाला धरून ठेवतं.

आणि लखनौला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. याच शहरात १९६५ पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिच्या हवेच्या पाहणीत चारबागचं नाव दरवर्षी असतं. याच शहरातल्या वनस्पती संशोधन संस्थेच्या कैलासनाथ कौलांनी १९५० च्या दशकात कानपूर रस्त्यावर बंथऱ्याच्या उसर जमिनीत, जिथे गवतही धरत नव्हतं, झाडं वाढवून दाखवली. वर्षानुवर्षं, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन. तीच संस्था आज शिसं आणि आर्सेनिक शोषणाऱ्या झाडांवर काम करते. गल्ली ते संस्था अंतर चारपाच किलोमीटरच्या पलीकडे नाही. ते अंतर कोणीतरी चालून जायला हवं, हातात नमुना आणि नकाशा घेऊन.

म्हणून ही विनंती. तुमच्या घरात, चाळीत, वाड्यात जे कोणी ऐंशीच्या पुढचे असतील, त्यांना विचारा: भट्टी कुठे होती, रंगाचा हौद कुठे, पेट्रोलची टाकी कुठे पुरली, विहीर कशाने बुजवली. विषय बदलतील. टिळक येतील, नहर येईल, चहा येईल. तेही ऐका, कारण त्यातच रस्ता असतो. चौथ्यांदा विचारा. आणि सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा, सही घ्या, एक प्रत तहसील कचेरीत द्या. जेसीबी यायच्या आत.

माझ्याकडे अप्पांच्या हातचा कागद आहे, कापऱ्या अक्षरातला. त्याच्या प्रती मी गल्लीतल्या प्रत्येक घरात दिल्या, मालकालाही दिली. जागा अजून मोकळी आहे. भिंत नवी झाली आहे, पण पोरं चढून आत जातात. कागदावर एवढंच आहे: नीमचा बुंधा, घुमटांकडे पाठ, २१ पावलं, विहीर, खोली अंदाजे २० हात, भरली १९६६, भरणारा मी.